पहिलं वजन

अंबादासला जाऊन बेचाळीस दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत आण्णासाहेबांच्या पिकपचे दिवे चारदा तपासून झाले, आणि चारही वेळा ते चांगले निघाले.

पहिल्यांदा तपासले फौजदारानं. घटस्थापनेच्या दिवशी अपघात झाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो बोरखेड्याला आला. चावडीपुढं गाडी उभी करून त्यानं दिव्यांचा खटका ओढायला लावला, दिवे लागले. ढकलायला लावला, विझले. पुन्हा ओढायला लावला. निम्मं गाव बघायला जमलं होतं. दिवे लागले की बारकी पोरं टाळ्या पिटायची. फौजदारानं कागदावर लिहिलं, 'दिवे चालू. चालकाची गफलत,' आणि पौषातली धाराशिवच्या कोर्टाची तारीख सांगून, चहा पिऊन तो गेला.

दुसऱ्यांदा येडशीच्या लाडलेसाब मिस्त्रीनं. त्यानं पुढच्या काचा उतरवल्या, बल्ब काढून उन्हात धरले, तारा ओढून बघितल्या, बॅटरीवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली. डायनामोला कान लावून बसला, वैद्यानं छातीला लावावा तसा. "बत्तीमें कुछ बी खोट नै आण्णासाब," तो म्हणाला. "बत्ती अच्छी हाय. आता मानसाचं मी कसं सांगू?"

तिसऱ्यांदा आण्णासाहेब स्वतः गाडीत बसून दिवेलागणीला रामलिंगचा उतार उतरून आले. दिवे लागूनच राहिले.

चौथ्यांदा बलभीमनं. पण त्याला चौथ्यांदा तरी कसं म्हणावं? तो रोजच तपासत होता. दिवस कलला की आण्णासाहेबांच्या खळ्यात जायचा, गाडी काढायचा आणि माळावर गोल गोल फिरवायचा. लष्कराच्या लिलावातली जुनी पिकप, तिला रस्ता काय आणि माळ काय सारखाच. तो खड्ड्यातनं घालायचा, दगडावरनं घालायचा, एकदम थांबवायचा. दिवे एकदा जावेत म्हणून जेवढा जीव त्यानं टाकला, तेवढा कुणी दिवे लागावेत म्हणून टाकला नसेल. दिवे काही जात नव्हते.

आणि त्याचं म्हणणं तर एवढंच होतं, की त्या संध्याकाळी उतारावर दिवे आपोआप गेले, आणि आपोआप आले.

झालं होतं ते असं. पिकपमध्ये आण्णासाहेबांच्या शेंगांची पोती होती, येडशीच्या टेसनात पोचवायची. आण्णासाहेबांचा चालक बलभीम, तोच चालवत होता. पोत्यांच्या थप्पीवर त्याच्या हाताखालचा अंबादास बसला होता. रामलिंगच्या वळणावर दिवे गेले. बलभीमनं अंधारात ब्रेक दाबला, डावं चाक रस्त्याकडेच्या चारीत गेलं, थप्पी कलली आणि अंबादास पोत्यांखाली आला. बलभीम खाली उतरून मागं धावेस्तोवर दिवे पुन्हा लागले होते. माणसं आली तेव्हा गाडी चारीत तिरकी आणि दोन्ही दिवे झगझगीत, समोरच्या पळसावर. हे सगळ्यांनी बघितलं. अंधार मात्र एकट्या बलभीमनं बघितला.

अंबादास हा दगडाबाईचा एकुलता एक लेक. बलभीम तिचा जावई, आणि जावयाच्या आधी तिच्या नवऱ्याचा भाचा. सातव्या वर्षी आई मेली म्हणून मामानं त्याला खांद्यावर बसवून घरी आणलं, तेव्हा अंबादास जन्मायचाच होता. दगडाबाईनं त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, गोवरात उशाशी बसली, आणि पुढं, मामा वारल्यावर, लेक शामला त्याच्या पदरात घातली. पोरगी घरातच राहिली, भाचा घरातच राहिला, मांडवाचा खर्चही बेतात भागला, असं ती हसून सांगायची. 'बल्या' म्हणायची त्याला. लग्नानंतर जावयाला असं म्हणू नये म्हणून बायकांनी सांगून बघितलं. "माझ्यापुढं उघडा हिंडलेला हाय त्यो, त्याला काय बापू म्हणू?" असं म्हणून तिनं बायकांना गप केलं होतं.

आता बेचाळीस दिवस तिनं त्याला कोणत्याच नावानं हाक मारली नव्हती.

"शामल, जावयाला इचार, कालवण पायजे का."

शामला सहा महिन्यांची जड. ती चुलीपुढनं उठायची, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या नवऱ्याकडं बघायची आणि विचारायची, "कालवण पायजे का?"

"नगं," बलभीम म्हणायचा.

"नगं म्हनत्यात," शामला आईला सांगायची.

अशी भाकर त्या घरात चालली होती. दिवाळी आली आणि गेली. पणती लागली नाही.

दगडाबाईला खरं काय ते पाहिजे होतं. दिवे गेले असतील तर तसं, आणि डुलकी लागली असेल तर तसं. डुलकी लागली म्हणाला असता तरी तिनं छाती बडवून घेतली असती, त्याला चार फटके मारले असते आणि शेवटी जवळ घेतलं असतं. पण तो तेच तेच सांगत होता, आणि दिवे रोज संध्याकाळी माळावर गोल फिरून त्याला खोटं पाडत होते. तिनं शामलाला एकदा सांगून टाकलं होतं, "पौषातल्या तारखेपतूर ऱ्हाऊ दे. मंग तुजी तू आन् त्याचा त्यो. पोराच्या मारेकऱ्याला म्या भाकर घालनार न्हाय."

"आन् मी, आये?"

"तुजं तू बग."

शामलानं पोटावरचा पदर नीट केला.

गाव बोलत होतं. गावाला फार लांबचा विचार करावा लागला नाही. साडेसहा एकर काळी जमीन, एकच लेक, तो गेला, आता जमीन कुणाची? बोरखेड्यात एवढा हिशेब शाळेत न गेलेल्यालाही जमत होता.

एकदा दगडाबाई डोक्यावर कडब्याचं ओझं घेऊन फाट्यावरनं येत होती. नागप्पाच्या हॉटेलापुढं बलभीम बाकड्यावर बसलेला दिसला. एकटाच, कपबशी पुढं. नागप्पानं विडी तोंडात धरली, काडी ओढली आणि ती पेटती काडी बलभीमच्या नाकापुढं धरून फुंकर घातली.

"आरारारा! आपोआपच गेली बगा!"

बाकड्यावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "थांब, आपोआप येती बी आता." पुन्हा हसली.

बलभीमनं कप उचलला. चहा बशीत ओतला. थोडा चहा धोतरावर सांडला. तो तसाच खाली बघून पीत राहिला, शेवटच्या घोटापर्यंत, जणू कुणी सक्तीनं पाजत असावं. ओझ्याखालनं दगडाबाईला त्याचे पाय दिसत होते. टाचांच्या भेगांत माळावरची पांढरी माती भरली होती. तिला वाटलं, पुढं व्हावं आणि कडब्याची पेंढी नागप्पाच्या तोंडावर मारावी. मग तिला अंबादासचे पाय आठवले, पोत्यांखालनं बाहेर आलेले, आणि ती सरळ घराकडं चालू लागली.

आण्णासाहेबांची वेगळीच अडचण झाली होती. या भागात एक रीत आहे. गाडीनं जीव घेतला, मग ती बैलाची असो का इंजिनाची, की तिच्यावर काडीचं ओझं ठेवत नाहीत. मेलेल्याच्या घरच्या माणसानं आपल्या हातानं पहिलं वजन ठेवायचं. तोवर गाडी रिकामी. पहिलं वजन म्हणजे त्या घराचा राग उतरला, असं समजतात. त्यामुळं दीड महिना पिकप रिकामीच होती आणि आण्णासाहेबांच्या शेंगा बैलगाड्यांनी येडशीला चालल्या होत्या. त्यांनी दोनदा निरोप धाडला. दगडाबाईनं दोनदा सांगितलं, "राग उतरंल तवा ठिवीन. तुमची गाडी, माजा राग."

त्या रिकाम्या दिवसांत ती दुपारी वाकळ शिवायला बसायची. शामलाचं बाळंतपण माघात. जुनी लुगडी, अंबादासचं एक धोतर, सगळं फाडून थर घालायचे होते. हिरव्या लुगड्याची घडी तिनं उलगडली तर त्याचा लाल काठ एका टोकाला फाटलेला, हातभर चिंधी गेलेली. उंदरानं कातरलं की काय म्हणून ती बघत राहिली, मग तिला आठवलं. श्रावणात, पोळ्याच्या आधी, अंबादास दारात उभा राहिला होता. हात कोपरापर्यंत काळे.

"आये, येक चिंधी दे की. दणकट दे."

"कशाला?"

"गाडीचं लोंबायलंय काय तरी. बांदतो."

"माजं लुगडं आता तुज्या गाडीला नेसीव," असं म्हणत तिनं दातानं काठ तोडून ती पट्टी फाडून दिली होती. तो हसत गेला होता. एवढंच. तिनं सुई ओवली आणि शिवत बसली.

कार्तिकी एकादशी झाली, गव्हाला पाणी द्यायचं होतं. दोन माणसं लागतात, एक मोटेवर, एक पाण्यावर. अंबादास असता तर प्रश्न नव्हता. आता बलभीम मोट हाकायला उभा राहिला आणि दगडाबाई खोरं घेऊन वाफ्यांत. न बोलता पाणी देता येतं. पाणी आलं की कळतंच.

सकाळचं ऊन नुकतं विहिरीवर आलं होतं. बैल धावेच्या उतारावरनं खाली उतरायचे, मोट वर यायची, भसकन रिकामी व्हायची, बैल मागं सरत पुन्हा वर. आणि मोट वर येताना विहिरीवरचं चाक कुरकुरत होतं. कर्र, कर्र, कानात सुई घातल्यासारखं. दगडाबाईनं थोडा वेळ सोसलं. शामला घरी होती, त्यामुळं निरोप्याही नव्हता. शेवटी ती बांधाकडं तोंड करून ओरडली, "चाक वराडतंय! कुणाला ऐकू येत न्हाय व्हय?"

बलभीमनं बैल थांबवले. तो चाकाजवळ गेला, रिकाम्या मोटेचा नाडा हातानं ओढून चाक फिरवून बघितलं. चाक गुमान फिरलं. आवाज नाही. त्यानं उलटं फिरवलं. आवाज नाही.

"न्हाय वराडत," तो म्हणाला.

"आरं, आता वराडत हुतं!"

"फिरवून बगितलं की. न्हाय वराडत."

"रिकामी मोट कशी वराडंल? भरून वड, मंग बग!"

त्यानं मोट खाली सोडली, भरू दिली आणि बैलांना हाक दिली. भरली मोट पाण्याबाहेर आली आणि चाक ओरडलं. बलभीमनं मान हलवली, एरंडेलाची बाटली घ्यायला खोपीकडं वळला.

दगडाबाईचं खोरं वाफ्यातच उभं राहिलं. पाणी वाफा भरून बांधावरनं वाहायला लागलं. गव्हाचे कोवळे अंकुर आडवे झाले. तिचं लक्ष नव्हतं.

"बल्..." ती म्हणाली आणि थांबली. मग तसंच वाफ्यातनं चिखल तुडवत ती विहिरीपर्यंत आली. "त्या दिशी गाडीत किती पोती हुती?"

बलभीमच्या हातात बाटली होती. बेचाळीस दिवसांनी ती सरळ त्याच्याशी बोलली होती. "ईस. आन्..." तो थांबला.

"आन् वर अंबादास. म्हाईत हाय मला. आन् फौजदारानं बगितलं तवा?"

"रिकामीच की."

"मिस्त्रीनं?"

"रिकामी."

"आण्णासायबानं? तू रोज माळावर घिरट्या घालतूस तवा?"

बलभीम तिच्याकडं बघत राहिला. "वजन ठिवायचंच न्हाय म्हनल्यावर..." तो एवढंच बोलला.

तशीच चिखलाच्या पायांनी ती आण्णासाहेबांच्या वाड्यावर गेली. आण्णासाहेब ओसरीवर दाढी करवून घेत होते. अर्ध्या गालाला साबण होता.

"आण्णासाहेब, वजन ठिवते म्या."

आण्णासाहेबांनी न्हाव्याचा हात धरला. "चांगलं केलंस, दगडाबाई. देवीनं बुद्धी दिली. राग धरून मानूस परत येत न्हाय बग."

"राग हाय तिथंच हाय. वजन ठिवते ते गाडी तपासाया. मिस्त्रीला बोलवा. आन् तुमी बी बसायचं, सांज झाल्यावर, त्याच उताराला. फौजदाराला पुन्हा सांगाया तुमच्यासारखं मानूस पायजे."

"आन् दिवं न्हाई गेले तर?"

"तर गाडी तुमची मोकळी झाली. आन् माजं घर बी मोकळं झालं." ती वळली. मग मागं बघून म्हणाली, "साबन वाळला बगा."

वजन मेलेल्याच्या घरचंच पाहिजे. घरात बियाणाची चार पोती शेंग होती. वीस कुठनं आणणार? दगडाबाईनं रिकामी पोती गोळा केली आणि रानात नेली.

"माती भर," ती बलभीमला म्हणाली. "ज्या रानापायी तू जीव घेतलास म्हनत्यात, तेच रान भर गाडीत. त्यालाबी कळू दे."

दोन दिवस दोघं माती भरत होते. काळी माती, वरनं वाळलेली, खाली ओल. कुदळीनं उकरायची, खोऱ्यानं पोत्यात लोटायची, तोंड सुतळीनं शिवायचं. दगडाबाईच्या हाताला फोड आले, फुटले, त्यांत माती गेली. बलभीम म्हणाला, "तुमी बसा मामी, मी भरतो." तिनं पुढचं पोतं ओढलं. तिसऱ्या दिवशी पिकप बांधाला लागली. पहिलं पोतं तिनं स्वतः उचलायला घेतलं. ते तिला एकटीला काय उचलतंय? बलभीमनं दुसरी बाजू धरली. पोतं दोघांच्या हातात झोकांडत वर गेलं आणि फळीवर आपटलं. पिकप जराशी खाली बसली. कुंकू नाही, नारळ नाही, काही नाही. बांधावर जमलेल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

लाडलेसाब मिस्त्री येडशीहून सायकलीवर आला होता. तो चाकाशी उकिडवा बसून बघत होता. बारावं पोतं चढलं तेव्हा मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे सरळ व्हायला लागले. सतराव्याला तो म्हणाला, "बस बाई. माती हाय, शेंग नै. इत्ताच वजन था उस दिन."

"न्हाय. अजून येक ऱ्हायलं," दगडाबाई म्हणाली, आणि चाकावर पाय देऊन थप्पीवर चढायला लागली.

"मामी, वर नगं!" बलभीमचा आवाज चिरकला. "काय बी ठिवा, पर वर नगं बसू."

"पोरगं बसलं हुतं न्हवं?"

ती बसली. जिथं अंबादास बसायचा तिथंच, डाव्या अंगाला, एक हात दोरीला.

दिवस बुडाला तेव्हा गाडी उताराच्या तोंडाशी होती. पुढं बलभीम, मिस्त्री आणि आण्णासाहेब, अंग चोरून. मागं गावातली दोन-तीन माणसं सायकलीवर, नागप्पाही होता. पश्चिमेला अजून तांबूस होतं. बलभीमनं खटका ओढला. दिवे लागले. वरनं दगडाबाईला रस्ता दिसला, पांढरा, दोन्ही बाजूंना पळसाची काळी झाडं.

गाडी उतरायला लागली. पोत्यांतनं ओल्या मातीचा वास येत होता. एक खड्डा गेला. दिवे तसेच. दुसरा गेला. दिवे तसेच. तिनं दोरी आवळून धरली, आणि तिला कळेना, आपल्याला दिवे जायला हवेत की राहायला. गेले तर भाचा खरा. नाही गेले तर निदान चिडायला एक माणूस हाताशी राहील.

वळणाच्या अलीकडं रस्त्याखालनं ओढ्याची मोरी होती. मागची चाकं मोरीच्या उंचवट्यावर आदळली, पोती दबली, आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला.

रस्ता, पळस, बैलांसारखी पुढं पळणारी उजेडाची जोडी, काहीच राहिलं नाही. गाडी पळतच होती. खालनं बलभीमची हाक आली, "मामी, धरा!" आणि ब्रेकचा आवाज. दगडाबाई पोत्यावर पालथी पडली. दोरी तळव्यातल्या फोडांत रुतली. पोती तिच्याखाली एकदा पुढं सरकली, एकदा मागं, आणि थांबली. तिला एवढंच सुचलं, माझ्या लेकाला हे एवढंच दिसलं शेवटी. हे काळं.

आणि मग दिवे लागले. आपोआप.

"या अल्ला," मिस्त्री म्हणाला.

आण्णासाहेब खाली उतरले. त्यांनी मागं वळून सायकलीवरच्या माणसांना विचारलं, "बघितलं?" नागप्पानं मान खाली घातली.

मिस्त्री कंदील घेऊन गाडीखाली शिरला. आता त्याला कुठं बघायचं ते माहीत होतं. नाकानंच त्यानं जागा काढली, जळक्या रबराच्या वासावर. "हां! हां देखो!" खालनं त्याचा आवाज आला. "मी सुक्काळीचा पुढंच बगत बसलो! आजार मागं हाय. मागच्या लाल बत्तीची तार. पाट्याला बांदली हाय किसीने. वजन पड्या, धक्का बसला, की पाटा वर जाता, घासून उघडी पडलेली तार चेसीच्या लोखंडामें दबती. खटक्यामें एक पत्ती रहती, वो गरम हो के सब बत्ती तोडती. थंडी हुई की फिर जोडती. रिकाम्या गाडीत तार लोंबतीच, दबती नै. कैसा दिखना?"

आण्णासाहेबांनी बलभीमच्या खांद्यावर हात ठेवला. बलभीम गाडीच्या दाराला धरून उभा होता. दगडाबाई थप्पीवरनं उतरून त्याच्याजवळ आली. तिला काहीतरी म्हणायचं होतं. तेवढ्यात मिस्त्री गाडीखालनं बाहेर सरकला आणि त्यानं कंदील वर धरला.

"आन् ये कौन शाना? तार पाट्याला बांदतात का? मूर्खपणा! चिंधी बी कैसी बांदी हाय, सुटतच नै."

कंदिलाच्या उजेडात, गाडीच्या पोटाखाली, तेलानं काळी झालेली एक पट्टी लोंबत होती. तेल लागलं नव्हतं तिथं हिरवी. कडेला लाल काठ.

दगडाबाई वाकून बघत राहिली. गाठही तिला ओळखीची होती. दोन वेढे आणि उलटा पेच. वासरू तोडून पळू नये म्हणून अंबादास दाव्याला तशीच गाठ मारायचा. बापानं शिकवलेली.

"म्या बांदली," बलभीम म्हणाला.

मिस्त्रीनं कंदील त्याच्या तोंडापुढं नेला. "तूने? आन् मी दोन दिवस गाडी खोलून बसलो, तवा मेरे कू बोल्या नै?"

"ध्यानात न्हाय आलं."

"ध्यानात न्हाय आलं?" आण्णासाहेबांचा हात खांद्यावरनं खाली आला. "आरं, हे कोर्टात सांगितलंस तर काय हुईल? दिवं गेले ते गेले, पर तुज्याच हातानं गेले. बस मंग जाऊन आत."

"जाईन," बलभीम म्हणाला. तो दगडाबाईकडं बघत नव्हता. पळसाकडं बघत होता. म्हणजे त्यानंही ओळखली होती. लुगडं ओळखलं होतं, गाठ ओळखली होती. पंचेचाळीस दिवस त्याला खरं ठरायचं होतं, आणि खरा ठरल्यावर पाच मिनिटंही त्याला त्यात राहता आलं नाही.

दगडाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मेलेल्या माणसाला आता काय लागतंय, असं लोक म्हणतात. लागतं. नाव लागतं. त्याच्या मागं गावानं काय म्हणायचं ते लागतं. पंचेचाळीस दिवस गावानं अंबादासला गरीब गाय म्हटलं होतं.

"त्यानं न्हाय बांदली," ती म्हणाली.

"मामी, गप बसा."

"तू गप बस. आण्णासाहेब, ह्यो खोटं बोलतोय. आता बोलतोय, तवा न्हवता बोलत. चिंधी माज्या लुगड्याची हाय. घरी घडी हाय, बगा जुळवून. श्रावणात अंबादासनं मागितली. तार लोंबती म्हनून त्यानं बांदली. आन् दणकट पायजे म्हनला म्हनून म्या काठाकडची फाडून दिली." ती थांबली. "कोर्टात असंच सांगा. म्या बी येते सांगाया."

दरीतनं एक टिटवी ओरडत गेली. मिस्त्रीनं आपली टोपी काढली, पुन्हा घातली. "चांगल्यासाठीच बांदली त्यानं, बाई," तो हळू म्हणाला. "तार लोंबून तुटली असती. बच्च्याला काय ठावं?"

"व्हय," ती म्हणाली. "त्याला काय ठावं."

चिंधी कोर्टात दाखवावी लागेल, असं आण्णासाहेब म्हणाले. मिस्त्री पुन्हा खाली शिरला आणि गाठ सोडायला लागला, तेव्हा दगडाबाईनं त्याचा पाय धरला.

"गाठ सोडू नगा. बाजूनं कापा. त्याच्या हातची हाय."

मिस्त्रीनं पान्ह्याच्या पिशवीतनं ब्लेड काढलं आणि गाठ तशीच ठेवून चिंधी कापली. आण्णासाहेबांनी ती आपल्या धुतलेल्या रुमालात घेतली. तार वर चेसीला बांधून, उघड्या जागी काळी पट्टी गुंडाळून व्हायला थोडा वेळ गेला. तोवर पश्चिमेचा तांबूसपणा विझला होता.

"दगडाबाई, तुमी पुढं बसा," आण्णासाहेब म्हणाले, आणि धोतराचा सोगा आवरून ते स्वतः मातीच्या पोत्यांवर चढले. बोरखेड्यात कुणी त्यांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मिस्त्रीही त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

पुढं दोघंच राहिले. बलभीमनं इंजिन चालू केलं, पण हात खटक्यापर्यंत जाईना. त्यानं हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवला, मग मांडीवर पुसला, मग पुन्हा चाकावर ठेवला.

"बल्या," दगडाबाई म्हणाली. "दिवं लाव. शामल वाट बगत आसंल."

त्यानं खटका ओढला. रस्ता उजळला. गाडी वळली आणि चढ चढायला लागली. दोघंही समोर बघत होते, एकेका खड्ड्याची वाट बघत. मोरी आली. मागची चाकं आदळली, पोती दबली. दगडाबाईनं डोळे मिटले आणि उघडले. उजेड तसाच होता.

रामलिंगचा चढ संपला, माळ आला, फाटा आला, नागप्पाचं बंद हॉटेल आलं. सगळी वाट दिवे लागून राहिले. एकदाही गेले नाहीत. आणि घराच्या भिंतीवर तो उजेड पडला, दारात शामला पोटाशी हात धरून उभी दिसली, तेव्हा पंचेचाळीस दिवसांत पहिल्यांदा दगडाबाईला मोठ्यानं रडू फुटलं.